‘होतो’ नावाचा चकवा: स्पॅनिशमधला भूतकाळ पुन्हा पुन्हा का चुकतो

स्पॅनिश शिकणाऱ्या मराठी माणसाची गाडी एका ठरावीक जागी अडते. वर्तमानकाळ जमलेला असतो, क्रियापदांचे तक्ते घडाघडा म्हणता येतात, पण ‘काल काय केलंस?’ या साध्या प्रश्नावर ‘फुई’ (गेलो) म्हणायचं की ‘इबा’ (जात होतो), ‘होतो’साठी ‘एस्तूबे’ की ‘एस्ताबा’, इथे जीभ थांबते. शिक्षक चूक दुरुस्त करतात, आपण मान डोलावतो आणि पुढच्या आठवड्यात तीच चूक परत करतो. दुरुस्ती स्पॅनिश रूपाची होते, चूक मात्र त्याच्या आधीच, मनात मराठी वाक्य जुळताना होऊन गेलेली असते. म्हणून तपासणीही तिथूनच सुरू करायला हवी.

आधी लेखनाबद्दल थोडं. खाली स्पॅनिश शब्द देवनागरीत, लॅटिन अमेरिकेतल्या उच्चाराप्रमाणे दिले आहेत. ‘व्ही’ या अक्षराचा उच्चार स्पॅनिशमध्ये ‘ब’सारखा होतो, तसाच तो लिहिला आहे. लिहिताना ज्या शेवटच्या स्वरावर तिरकी रेघ येते आणि बोलताना जोर पडतो, तिथे ‘ऽ’ हे चिन्ह आहे.

रोज लागणारे काळ चार. ‘आब्लार’ म्हणजे बोलणे. ‘आब्लेऽ’ (मी बोललो) हा इन्देफिनीदो, ‘आब्लाबा’ (मी बोलत होतो) हा इम्पेर्फेक्तो, ‘ए आब्लादो’ (मी बोललो आहे) हा पेर्फेक्तो आणि ‘आबीआ आब्लादो’ (त्याआधीच मी बोललो होतो) हा प्लुस्क्वाम्पेर्फेक्तो. दोन वेगळी पुस्तकं वापरत असाल तर नावांचाच घोळ होतो. स्पेनच्या राजअकादमीच्या नव्या व्याकरणात पहिल्याला ‘पेर्फेक्तो सिम्प्ले’ म्हटलं आहे. मेक्सिकोच्या शालेय पुस्तकांत तोच ‘प्रेतेरितो’ असतो आणि इम्पेर्फेक्तोला ‘कोप्रेतेरितो’ म्हणतात. ही दुसरी नावं आंद्रेस बेयो यांच्या १८४७च्या व्याकरणातून आली आहेत. ‘कोप्रेतेरितो’ हे नाव आम्हाला फार नेमकं वाटतं: भूतकाळातल्या दुसऱ्या एखाद्या गोष्टीच्या *सोबतीनं* चालू असलेला भूतकाळ. इम्पेर्फेक्तोला ‘अपूर्ण’ म्हणून पाठ करण्यापेक्षा ‘सोबतीचा’ म्हणून लक्षात ठेवलंत तर निम्म्या चुका तिथेच थांबतात.

पहिली तपासणी: मराठी वाक्यातला ‘होतो’ फोडा

मराठीतलं ‘होतो, होता, होती’ एकट्यानं इतकी कामं करतं की स्पॅनिशमध्ये त्यासाठी चार-पाच वेगळी रूपं लागतात. वारंवार होणाऱ्या बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे, म्हणून यावर सगळ्यात जास्त वेळ द्या.

‘मी काल पुण्याला गेलो होतो.’ मराठीत हे वाक्य पूर्ण आहे. जाऊन आलो, विषय संपला, एवढंच त्यात सांगितलंय. शिकणारा मात्र ‘गेलो होतो’चे दोन तुकडे बघतो आणि ‘आयेर आबीआ इदो आ पुणे’ म्हणतो. स्पॅनिश माणूस पुढच्या वाक्याची वाट बघत राहतो, कारण प्लुस्क्वाम्पेर्फेक्तो ऐकला की त्याला ‘कशाच्या आधी?’ हा प्रश्न पडतो. बरोबर वाक्य: ‘आयेर फुई आ पुणे’. आपल्या इंग्रजीतही हीच सवय मुरलेली असते, ‘आय हॅड गॉन टू पुणे यस्टरडे’ असं आपण सहज बोलून जातो. त्यामुळे इंग्रजीतून स्पॅनिशकडे जाणाऱ्यांची चूक आणखी पक्की होते.

यावर सोपी चाचणी आहे. वाक्यातला ‘होतो’ काढून टाका आणि अर्थ बघा. ‘मी काल पुण्याला गेलो’ म्हटल्यावर घटना तीच राहते, तर इन्देफिनीदो वापरा. आता ‘मी पोचलो तेव्हा गाडी सुटली होती’ घ्या. ‘होती’ काढली की ‘मी पोचलो तेव्हा गाडी सुटली’ असं होतं, म्हणजे गाडी माझ्या डोळ्यांदेखत सुटली. दोन घटनांचा क्रमच बदलला. असा क्रम बिघडत असेल तरच प्लुस्क्वाम्पेर्फेक्तो: ‘क्वान्दो येगेऽ, एल त्रेन या आबीआ सालीदो’.

दुसरा ‘होतो’ जास्त फसवा. ‘मी पाच वर्षं नागपुरात राहत होतो.’ ‘राहत होतो’ म्हणजे चालू क्रिया, म्हणून ‘बिबीआ’, असा हिशेब करून शिकणारा ‘बिबीआ सिन्को आन्योस एन नागपूर’ म्हणतो. हे चूक आहे. पाच वर्षं असा आकडा घातला की त्या काळाला दोन्ही बाजूंनी कुंपण पडलं, आणि कुंपण पडलेला काळ कितीही लांब असला तरी इन्देफिनीदोच लागतो: ‘बिबीऽ सिन्को आन्योस एन नागपूर’. आकडा नसेल आणि दुसरं काही सांगताना पार्श्वभूमी म्हणून येत असेल, तर ‘एन्तोन्सेस बिबीआ एन नागपूर’, तेव्हा मी नागपुरात राहत होतो. ‘लांब चालली म्हणून इम्पेर्फेक्तो’ हा समज मनातून काढून टाकाच. शंभर वर्षं चाललेलं युद्धही ‘दूरोऽ सिएन आन्योस’ असतं.

इथे एक बारीक अपवाद आहे, आणि तो ओळखायला मराठीच मदत करते. ‘मी दोन तास वाट पाहत होतो’ म्हणजे ‘एस्तूबे दोस ओरास एस्पेरान्दो’. पण ‘तो आला तेव्हा मी दोन तासां*पासून* वाट पाहत होतो’ म्हणजे ‘क्वान्दो येगोऽ, आसीआ दोस ओरास के एस्पेराबा’. ‘पासून’ आलं की शेवटचं कुंपण गेलं, क्रिया अजून चालूच आहे, म्हणून इम्पेर्फेक्तो. हाच ‘पासून’ आजपर्यंत येत असेल तर भूतकाळ मुळी लागतच नाही: ‘मी तीन वर्षांपासून इथे राहतोय’ म्हणजे ‘बिबो आकीऽ देस्दे आसे त्रेस आन्योस’, सरळ वर्तमानकाळ.

तिसरा प्रकार बसला होता, झोपली होती, नेसली होती, घातली होती यांचा. मराठीत रूप पूर्वभूतासारखं, अर्थ मात्र त्या क्षणीच्या अवस्थेचा. ‘आजोबा खुर्चीत बसले होते’ याचं ‘आबीआ सेन्तादो’ होत नाही, ‘एस्ताबा सेन्तादो’ होतं. ‘तिनं निळी साडी नेसली होती’ म्हणजे ‘येबाबा उन सारी आसुल’. ‘तीन वाजले होते’ यातही तोच धोका आहे; स्पॅनिशमध्ये घड्याळ नेहमी इम्पेर्फेक्तोत, ‘एरान लास त्रेस’. वयाचंही तसंच: ‘तेनीआ दिएस आन्योस’, मी दहा वर्षांचा होतो. कसोटी अशी: त्या क्षणी फोटो काढला असता तर जे दिसलं असतं, ते इम्पेर्फेक्तोत.

चौथा, ‘करणार होतो’. ‘मी तुला फोन करणारच होतो’ म्हणजे ‘इबा आ यामार्ते’. ‘इबा आ’ आणि पुढे मूळ क्रियापद, बस. इथे ‘फुई आ यामार्ते’ म्हटलंत तर ‘मी तुला बोलवायला गेलो’ असा वेगळाच अर्थ निघतो.

खुणेच्या शब्दांवर विसंबू नका

बहुतेक वह्यांत दोन रकाने असतात. एकात आयेर (काल), आनोचे (काल रात्री), दे रेपेन्ते (अचानक), म्हणजे इन्देफिनीदो. दुसऱ्यात सिएम्प्रे (नेहमी), तोदोस लोस दीआस (रोज), म्येन्त्रास (दरम्यान), म्हणजे इम्पेर्फेक्तो. सुरुवातीला याचा आधार वाटतो, पण पुढे हेच रकाने नडतात. ‘आयेर’ घालून ‘आयेर योबीआ’ (काल पाऊस पडत होता) अगदी बरोबर आहे. ‘ला सेमाना पासादा फुई आल खिम्नासिओ तोदोस लोस दीआस’, मागच्या आठवड्यात रोज व्यायामशाळेत गेलो: ‘तोदोस लोस दीआस’ असूनही ‘फुई’, कारण आठवडा संपलेला आणि मोजलेला आहे. ‘फुई त्रेस बेसेस’, तीनदा गेलो, इथे क्रिया पुन्हा पुन्हा घडली, पण तीनदा हा हिशेब पूर्ण झाला. मराठीत जिथे ‘जायचो’ किंवा ‘जात असे’ सहज बसतं, तिथेच सवयीचा ‘इबा’ बसतो. ‘मी तीनदा जायचो’ असं आपण नुसतं म्हणत नाही. ‘आठवड्यातून तीनदा जायचो’ म्हणतो, आणि त्याला स्पॅनिशमध्येही ‘इबा त्रेस बेसेस पोर सेमाना’ बरोबर आहे. कान शाबूत ठेवलात तर मराठीच नियम सांगते.

शब्दांऐवजी प्रश्न विचारा. ‘मग पुढे काय झालं?’ या प्रश्नाचं उत्तर देणारं वाक्य इन्देफिनीदोत. ‘तेव्हा काय चाललं होतं, कसं होतं?’ याचं उत्तर इम्पेर्फेक्तोत. ‘त्याच्या आधीच काय होऊन गेलं होतं?’ याचं प्लुस्क्वाम्पेर्फेक्तोत. एकच वाक्य तिन्ही तऱ्हांनी बघा:

क्वान्दो येगेऽ, मारिया सेनाबा. मी पोचलो तेव्हा मारिया जेवत होती.
क्वान्दो येगेऽ, मारिया सेनोऽ. मी पोचल्यावर मारिया जेवली.
क्वान्दो येगेऽ, मारिया या आबीआ सेनादो. मी पोचलो तेव्हा मारियाचं जेवून झालं होतं.

तिन्ही वाक्यं शुद्ध आहेत. ‘चूक की बरोबर’ हा प्रश्न इथे येतच नाही, पाहुण्याला मारियाच्या पंगतीत बसायला मिळालं की नाही हे मात्र ठरतं. काळ निवडणं म्हणजे अर्थ निवडणं.

जिथे मराठी कान हुकमी पान ठरतो

इंग्रजी पुस्तकांत एक भीतीदायक प्रकरण असतं: इन्देफिनीदोत गेलं की अर्थ बदलणारी क्रियापदं. मराठी वाचकाला ते पाठ करायची गरज नाही, कारण आपल्याकडे या दोन अर्थांना शब्दच वेगळे आहेत.

‘मला माहीत होतं’ म्हणजे ‘साबीआ’, ‘मला कळलं’ म्हणजे ‘सूपे’. ‘मी तिला ओळखत होतो’ म्हणजे ‘ला कोनोसीआ’, ‘माझी तिच्याशी ओळख झाली’ म्हणजे ‘ला कोनोसीऽ’. ‘जायचं होतं’ म्हणजे ‘तेनीआ के इर’, आणि गेलो की नाही ते अजून सांगितलेलं नाही. ‘जावं लागलं’ म्हणजे ‘तूबे के इर’, गेलोच. ‘दार उघडता येत नव्हतं’ म्हणजे ‘नो पोदीआ आब्रीर ला पुएर्ता’, खटपट चालू आहे. ‘दार उघडणं जमलं नाही’ म्हणजे ‘नो पूदे’, खटपट संपली, दार बंदच राहिलं. ‘तिला बोलायचं नव्हतं’ म्हणजे ‘नो केरीआ आब्लार’, ‘ती बोलायला तयारच झाली नाही’ म्हणजे ‘नो कीसो आब्लार’. ‘गर्दी होती’ म्हणजे ‘आबीआ मूचा खेन्ते’, ‘अपघात झाला’ म्हणजे ‘ऊबो उन आक्सिदेन्ते’.

म्हणजे कळलं, झालं, लागलं, जमलं आलं की इन्देफिनीदो. फक्त एक सांभाळा: ‘दोन माणसं होती’ म्हणताना आपण अनेकवचन करतो, स्पॅनिशमध्ये ‘आबीआ दोस पेर्सोनास’ असं एकवचनच राहतं. ‘आबीआन दोस पेर्सोनास’ बोलण्यात कानावर पडतं, परीक्षेत मात्र चूक धरतात.

‘केलं आहे’ आणि स्पेन-मेक्सिकोचा फरक

‘आज सकाळी मी पोहे खाल्ले’ हे माद्रिदमध्ये ‘एस्ता मान्याना ए कोमीदो पोहे’, मेक्सिको सिटीत ‘एस्ता मान्याना कोमीऽ पोहे’. माद्रिदमध्ये आज, हा आठवडा, हे वर्ष अशी पेटी अजून उघडी असेल तर पेर्फेक्तो. पेटी बंद झाली, म्हणजे आयेर किंवा ‘ला सेमाना पासादा’ आलं, तर इन्देफिनीदो. लॅटिन अमेरिकेच्या मोठ्या भागात संपलेल्या कामाला सरळ इन्देफिनीदो चालतो: ‘या कोमीऽ’, माझं जेवण झालं. स्पेनमध्येही गालिसिया, आस्तुरियास आणि कानारी बेटांवर साध्या रूपाकडे कल जास्त आहे. स्पॅनिशच्या प्रमाणपत्राची ‘देले’ परीक्षा घेणारी इन्स्तितूतो सेर्बान्तेस ही संस्था सुशिक्षित समाजात रूढ असलेली कोणतीही प्रमाण पद्धत मान्य करते. तेव्हा एक पद्धत धरा आणि एकाच निबंधात दोन्ही मिसळू नका. ऐकताना मात्र दोन्हींची सवय हवी.

पेर्फेक्तोत आपली खरी चूक काळाची नसते, लिंगवचनाची असते. मराठीत ‘मारियानं चिठ्ठी लिहिली आहे’ म्हणताना क्रियापद चिठ्ठीप्रमाणे चालतं. त्याच ओघात ‘आ एस्क्रीता ला कार्ता’ तोंडातून येतं. ‘आबेर’ या साहाय्यक क्रियापदाच्या (ए, आ, एमोस ही त्याचीच रूपं) पुढचं रूप कधीच बदलत नाही: ‘आ एस्क्रीतो ला कार्ता’, ‘एमोस एस्क्रीतो लास कार्तास’. साध्या भूतकाळातही हेच होतं. ‘मी दोन पुस्तकं वाचली’ यात ‘वाचली’ पुस्तकांकडे बघते, म्हणून शिकणारा ‘लेयेरोन दोस लीब्रोस’ लिहितो आणि अर्थ होतो ‘त्यांनी दोन पुस्तकं वाचली’. स्पॅनिश क्रियापद नेहमी करणाऱ्याकडेच बघतं: ‘लेईऽ दोस लीब्रोस’. ‘ने’ लागणारं मराठी वाक्य भाषांतरित करताना आधी ‘कोणी केलं?’ हे विचारा, मग रूप निवडा.

‘तो म्हणाला की’

मराठीत ‘तो म्हणाला की तो आजारी आहे’ असं वर्तमानकाळ ठेवून बोलतात. स्पॅनिशमध्ये ‘दीखो’च्या मागून ‘एस्ताबा’ येतो: ‘दीखो के एस्ताबा एन्फेर्मो’. ‘येतो’ आणि ‘येईन’ असेल तर ‘बेन्द्रीआ’, ‘आलो’ असेल तर ‘आबीआ बेनीदो’. सांगितलेली गोष्ट आजही खरी असेल तर वर्तमानकाळ चालतो, पण सवय होईपर्यंत इम्पेर्फेक्तोच वापरावा. तो सहसा चुकत नाही.

एक परिच्छेद जवळून

मराठीत मनात आलं ते असं: ‘काल मी बाजारात गेलो होतो. पाऊस पडत होता. खूप गर्दी होती. अर्धा तास भाजी घेत होतो. मग एक जुना मित्र भेटला. त्यानं टोपी घातली होती, म्हणून लगेच ओळखलं नाही. तो म्हणाला की आता तो नाशिकला राहतो.’

वहीत उतरलं ते असं: ‘आयेर *आबीआ इदो* आल मेर्कादो. योबीआ. आबीआ मूचा खेन्ते. *एस्ताबा कोम्प्रान्दो* बेर्दूरास मेदिआ ओरा. लुएगो मे एन्कोन्त्रेऽ कोन उन ब्येखो आमीगो. *आबीआ पुएस्तो* उना गोर्रा, पोर एसो नो लो रेकोनोसीऽ एन्सेगीदा. मे दीखो के आओरा *बिबे* एन नाशिक.’

पहिल्या खुणेच्या जागी ‘फुई’ हवं, कारण बाजाराच्या आधी-नंतर दुसरी घटना नाही. ‘योबीआ’ आणि ‘आबीआ मूचा खेन्ते’ बरोबर आहेत, ते दृश्य आहे. अर्धा तास मोजला आहे, म्हणून ‘एस्तूबे मेदिआ ओरा कोम्प्रान्दो बेर्दूरास’. टोपी फोटोत दिसते, म्हणून ‘येबाबा गोर्रा’. ‘से आबीआ पुएस्तो’ म्हटलं तर टोपी डोक्यावर चढवण्याच्या कृतीवर भर येतो. शेवटी ‘बिबीआ’ घाला. ‘बिबे’ही चालेल, कारण मित्र आजही नाशिकलाच आहे. चार दुरुस्त्या, त्यातल्या तिघींचं कारण एकच ‘होतो’, आणि चौथीचं मराठीतल्या ‘की’ची सवय.

रूप बरोबर, जोर चुकीचा

काळ नीट निवडूनही समोरच्याला वेगळंच ऐकू येत असेल तर जोर तपासा. ‘आब्लो’ म्हणजे मी बोलतो, ‘आब्लोऽ’ म्हणजे तो बोलला. मराठीत जोरानं अर्थ बदलत नाही, म्हणून हा फरक आपल्या कानावरून निसटतो. दहा जोड्या मोठ्यानं म्हणा: त्राबाखो-त्राबाखोऽ, कोम्प्रो-कोम्प्रोऽ, अशा. उलट तूबे, पूदे, ईसे, दीखे, एस्तूबे या अनियमित रूपांत शेवटी जोर नसतो आणि लिहिताना तिरकी रेघही नसते. तिथे रेघ देणं ही नेहमीची चूक आहे. ‘ते म्हणाले’ हे ‘दीखेरोन’, ‘दीखिएरोन’ नाही. ‘आब्लामोस’ आणि ‘बिबीमोस’ ही ‘आम्ही’ची रूपं वर्तमानात आणि इन्देफिनीदोत सारखीच असतात, त्यामुळे सोबत ‘आयेर’सारखा शब्द असू द्या. ‘फुए’ म्हणजे ‘तो गेला’ही आणि ‘तो होता’ही, पुढे ‘आ’ आणि ठिकाण आलं तर बहुतेक वेळा गेला. इम्पेर्फेक्तोची धास्ती बाळगू नका, सगळ्या भाषेत त्याची अनियमित क्रियापदं तीनच: सेर (असणे), इर (जाणे), बेर (पाहणे). एरा, इबा, बेईआ.

सरावासाठी रोज कालच्या दिवसाबद्दल मराठीत आठ वाक्यं लिहा, त्यांत निदान चार ‘होतो’ असू द्या. प्रत्येक ‘होतो’वर पेन्सिलीनं खूण करा आणि क्रमानं बघा: काढून टाकला तर क्रम बिघडतो का, शेजारी आकडा आहे का, आकड्याला ‘पासून’ लागलंय का, फोटोत दिसतंय का. स्पॅनिश वाक्य त्यानंतरच लिहा. तोपर्यंत तक्ता बंद ठेवा.